भुतांच्या नोकरीत सासूबाई

टेक्ससमधल्या अर्विंगच्या मराठी मंडळात नवरा माझी ओळख ‘ही ऑटोमेशनमध्ये आहे’ अशी करून देतो. ते खोटं नाही. दिव्यांचा सापळा झाडावर आपोआप चढतो, आपोआप उतरतो, गाण्याच्या तालावर त्याचा जबडा हलतो, आणि हे सगळं मी लॅपटॉपवर आधी ठरवून ठेवलेलं असतं. म्हणजे ऑटोमेशनच. पण कोणी प्रसादाची प्लेट हातात घेऊन पुढे विचारलं, ‘म्हणजे एक्झॅक्टली काय?’, की नवऱ्याला एकदम गाडी कुठे पार्क केली ते आठवतं. मग मलाच सांगावं लागतं की मी हॅलोविनसाठी लायटिंगची भुतं बनवते. समोरचा माणूस ‘अरे वा’ म्हणतो आणि मोदकाकडे लक्ष देतो.

ही नोकरी मी शोधली नव्हती, तिनेच मला शोधलं. चाकणला मी बाटल्या भरणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायची. लग्न करून इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर, आणि बरीच वर्षं या देशाने मला काहीही करू न देण्याची पूर्ण काळजी घेतली. वर्क परमिट हातात आलं तेव्हा इंटरव्ह्यू घेणारी मुलं गंभीर चेहऱ्याने विचारायची, ‘ही मधली वर्षं तुम्ही काय करत होतात?’ तुमच्याच सरकारचं ऐकत होते, हे उत्तर त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं. शेवटी गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एका दाढीवाल्या मालकाने मला एकच प्रश्न विचारला, शिडीवर चढायला भीती वाटते का. मी नाही म्हटलं. नोकरी लागली.

कामाचं म्हणाल तर सोपं आहे. लांबच लांब वायरवर बारीक दिवे असतात, आणि कोणत्या दिव्याने कोणत्या क्षणी कोणता रंग दाखवायचा हे कॉम्प्युटर प्रत्येकाला वेगवेगळं सांगतो. सांगणारी मी. एका भोपळ्याला नीट ‘हॅ हॅ’ हसवायला माझी अख्खी दुपार जाते. आणि ही दुपार जूनमधली असते, कारण ऑक्टोबरची थंडगार भीती टेक्ससमध्ये जूनच्या उन्हात, पत्र्याखाली, घामाने निथळत तयार करावी लागते. सापळ्यांचं एक बरं असतं, त्यांना उकडत नाही.

ज्या वर्षीचं मी सांगते आहे, त्या वर्षी आम्हाला एका जुन्या शेताचं काम मिळालं होतं. शहरापासून दूर, काउंटीने जपून ठेवलेलं शेत. लाकडी कोठार, पेकानची झाडं, एक गाय, आणि दूध आधी गाईत असतं हे शाळेच्या मुलांना दाखवण्यासाठी एक बादली. तिथे ऑक्टोबरभर संध्याकाळी झाडीतल्या पायवाटेवर आमचे दिवे लागणार होते. त्यासाठी एक समिती होती आणि समितीच्या प्रमुख एक अतिशय हसतमुख बाई होत्या. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सांगितलं की लोकांना भीती वाटली पाहिजे, पण कोणी घाबरता कामा नये. मुख्य म्हणजे एकही तक्रार येता कामा नये.

चेटकीण कॅन्सल झाली, कारण कोणाच्या तरी भावना दुखावल्या असत्या. शवपेटी कॅन्सल झाली, कारण नुकतंच कोणाचं तरी कोणी गेलेलं असू शकतं. काळी मांजर गेली, कारण काळ्या मांजरांना आधीच कोणी दत्तक घेत नाही, त्यात आपण भर का घालायची. सापळा चालेल म्हणाल्या, पण आनंदी हवा. उरले भोपळे. तर भोपळ्यांचे दात फार अणकुचीदार आहेत असं निघालं. मी ते गोल करून दिले. आता पायवाटेच्या दोन्ही बाजूंना नुकत्याच डेंटिस्टकडे जाऊन आलेल्या भोपळ्यांच्या रांगा उभ्या होत्या, आणि मध्ये आनंदी सापळे नाचत होते. बाई म्हणाल्या, परफेक्ट.

नेमक्या याच सुमाराला सासूबाई आल्या.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि सुट्टीच्या दिवशी दोन-तीन सहकाऱ्यांना घेऊन त्या भुतं घालवत हिंडल्या. मंत्राने नव्हे. कोणाच्या घरावर दगड पडतायत, कोणाचे कपडे दोरीवरच पेटतायत, अमावस्येला कोणाच्या सुनेच्या अंगात येतंय, असं कानावर आलं की या एसटी धरून जायच्या, चार दिवस तळ ठोकायच्या आणि दगड कोण मारतंय ते शोधून काढायच्या. त्यांना शिव्या खाव्या लागल्या, चपला फेकल्या गेल्या, एकदा एका देवळाच्या खोलीत कोंडूनही घातलं होतं. हे सगळं त्या दुसऱ्या कोणाचं तरी झाल्यासारखं सांगतात.

आल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांनी मला विचारलं, तुझं नेमकं काम काय. नवरा लगेच ‘ऑटोमेशन’ म्हणाला. त्याच्या दुर्दैवाने आमच्या मुलीने तोंडात घास असतानाच माहिती पुरवली, “आजी, मम्मा मेक्स घोस्ट्स.”

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे बघितलं.

“आम्ही तिकडे घालवत होतो, तू इकडे बनवतेस,” त्या म्हणाल्या. “चालायचंच. मागणी आहे तिथे पुरवठा.”

आणि त्यांनी वरण मागितलं. यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अर्विंगमध्ये भारतातून आलेल्या सासूबाईंची दुपार कशी जाते हे सगळ्यांना माहीत आहे. एखादी सून आपल्या सासूबाईंबरोबर यांनाही गाडीत घालून इंडियन ग्रोसरीत नेते, आणि तिथे इकडची कोथिंबीर नुसती दिसायला हिरवी असते यावर एकमत होतं. आमच्या सासूबाईंनी हे दोनदा केलं आणि तिसऱ्या वेळी म्हणाल्या, मी तुझ्याबरोबर कामावर येते. मला वाटलं होतं की त्या माझ्या कामाचं तोंडही बघणार नाहीत. पण ज्याला आयुष्यभर विरोध केला ते तयार कसं होतं, हे बघायची संधी कोण सोडेल?

मी त्यांना पेकानच्या झाडाखाली फोल्डिंगची खुर्ची दिली, डोक्यावर माझी टोपी दिली. संध्याकाळी दिवे लावून तालीम सुरू झाली. सापळे नाचले, भोपळे हसले, झाडांवरून जांभळा उजेड ओघळला. माझ्या मते काम चोख झालं होतं. सासूबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं, शाळेच्या गॅदरिंगचं पाहतात तसं.

मग म्हणाल्या, “इतक्या लोकांनी मला भुताचं वर्णन सांगितलं, पण एकानेही हिरवं भूत सांगितलं नाही. आणि नाचणारं तर नाहीच.”

मी म्हटलं की इथल्या समितीला खरी भीती नकोच आहे. परतताना गाडीत त्यांनी मला उसाच्या फडातल्या दिव्याची हकिकत सांगितली. एका गावात फडाच्या कडेला रात्री दिवा दिसायचा. जवळ गेलं की विझायचा, मागे फिरलं की परत लागायचा. अख्ख्या गावाने ती वाट सोडली होती. या तिथे चिखलात बसून राहिल्या आणि निघालं काय, तर शेजारचा शेतकरी बॅटरी घेऊन दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या शेतात वळवत होता. पावलं वाजली की बॅटरी बंद करायचा. त्या म्हणाल्या की असा विझणारा दिवा त्यांना पुढेही गावोगाव भेटला, आणि लोक दगडांना, आगीला घाबरत त्यापेक्षा त्याला जास्त घाबरत. दिसणाऱ्या गोष्टीचं माणूस काहीतरी करतो. आपण आलो म्हणून जी विझते, तिचं काय करणार?

त्यांनी हे मला युक्ती म्हणून सांगितलं नव्हतं, हे मी आजही कबूल करते. पण मी ती उचलली.

पायवाटेच्या टोकाला ओंडक्यांची एक खोली होती, जुन्या वसाहतवाल्यांची म्हणून दाखवायची. समितीने तिथे काहीही ठेवलं नव्हतं. मी खिडकीला आतून मळकट कापड लावलं, त्यामागे कंदिलासारखा मंद थरथरणारा एक पिवळा दिवा ठेवला आणि कुंपणावर एक छोटा सेन्सर बसवला. माणूस अमुक एका अंतरावर आला की दिवा हळूच विझणार, तो परतला की थोड्या वेळाने पुन्हा लागणार. सगळ्या प्रदर्शनातला हा सर्वांत छोटा प्रोग्रॅम होता. समितीच्या बाईंनी तो कागदावर पाहिला. खोलीत एक दिवा. ना दात, ना मांजर, ना कोणाच्या भावना. त्यांनी लगेच मान्यता दिली.

पहिल्या संध्याकाळी गर्दी चांगली झाली. आईबाप बाबागाड्या ढकलत, पॉपकॉर्न खात सापळ्यांसमोरून गेले. परीच्या वेषातल्या एका मुलीने भोपळ्याला जीभ काढून दाखवली. सगळे आनंदात होते, कोणीही घाबरत नव्हतं. अगदी समितीला हवं होतं तसं. आणि मग पायवाट वळायची, संगीत मागे पडायचं, आणि समोर ती खोली यायची. लोक दिवा बघत बघत पुढे जायचे, आणि तो विझायचा. बोलणं थांबायचं. पॉपकॉर्नचा हात डब्यातच राहायचा. दांडग्या पोरांचा एक घोळका जोरात हसला आणि हसत हसतच धावत परत आला. मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला की इतक्या वर्षांत अशी गोष्ट झाली नाही. एवढे दिवे, एवढी वायर, माझ्या सगळ्या दुपारी, आणि चर्चा एका बल्बची, तीही तो बंद होतो म्हणून.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्या शेतावर एक स्वयंसेविका होत्या, डोक्याला झालरीची टोपी घालून दिवसा लोणी कसं काढतात ते दाखवणाऱ्या. लोकांनी त्यांना विचारलं की त्या खोलीत कोण राहतं. ‘कोणी नाही’ असं खरं उत्तर त्यांना देता आलं असतं. त्या म्हणाल्या, “आम्ही त्याबद्दल बोलत नाही.” मग त्या दिवसरात्र त्याबद्दलच बोलू लागल्या. आठवड्याभरात त्या खोलीत एक बाई राहायला आली. तिचा नवरा हिमवादळात हरवला होता आणि ती दिवा लावून त्याची वाट बघता बघताच वारली होती. हिमवादळ, आमच्या डॅलसजवळ, जिथे बर्फ वर्षात एखाद वेळी पडतो. आणि ती खोली तर काही वर्षांपूर्वीच दुसऱ्या गावातून ट्रकवर घालून आणलेली, ओंडक्यांना कारखान्यातले खिळे. पण ज्याला भूत हवं असतं तो खिळे बघत नाही.

घरी ही गोष्ट मुलीने आणली. शाळेत सगळे म्हणतायत की तिथलं भूत खरं आहे, आणि मम्माला ते माहीत आहे पण ती सांगत नाही. सासूबाईंनी तिला दोनदा सगळं सांगायला लावलं. जेवण झाल्यावर त्यांनी मला टेबलाशी बसवून घेतलं. एक भूत घालवायला आम्हाला कधी कधी वर्ष लागायचं, त्या म्हणाल्या, हे तू आठवड्यात उभं केलंस. मी म्हटलं की दोघींनी मिळून केलंय. माझ्या तोंडून ते गंमतीत निघालं, पण त्यांचा चेहरा उतरला. तो मी तसा कधी पाहिला नव्हता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की उद्यापासून मी तिथे उभी राहणार आणि लोकांना सांगणार.

आता घाबरायची पाळी नवऱ्याची होती. घरात खऱ्या अर्थाने घाबरलेला तो एकटाच. आमचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत आहे, आणि त्यामुळे त्याला सगळीकडे इमिग्रेशन दिसतं, सासूबाईंच्या गावकऱ्यांना भूत दिसायचं तसंच. “आई, व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही,” तो म्हणाला. सासूबाईंनी विचारलं की खरं बोलणं हे या देशात काम धरतात का. त्याला याचं उत्तर इंटरनेटवर सापडलं नाही.

सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, अंगात माझं टोपीचं जॅकेट आणि हातात टॉर्च अशा त्या खोलीजवळ उभ्या राहिल्या. माणसं आली, दिवा विझला, माणसं थबकली, आणि अंधारातून एक म्हातारी बाई पुढे येऊन संथ आवाजात म्हणाली, “नो घोस्ट. ओन्ली सेन्सर.”

लोक किंचाळले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं की ही प्रदर्शनातलीच. सासूबाईंनी टॉर्च मारून वायर दाखवली, तर लोक म्हणाले काय अभिनय आहे. त्यांनी खिळे दाखवले, तर लोकांनी त्यांच्याबरोबर सेल्फी काढले. कोणीतरी ऑनलाइन लिहिलं की सगळ्यांत भारी म्हणजे शेवटची साडीतली आजी, जी भूत नाही असं सांगते आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो. दोन दिवसांनी समितीच्या बाईंचा मला फोन आला. त्या भारावून गेल्या होत्या. या बाई दर शुक्रवारी-शनिवारी येऊ शकतील का, आणि जमलं तर बोलताना थोड्या अधिक गूढ होऊ शकतील का, असं त्यांनी विचारलं.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या खिन्न हसल्या. शिव्यांचं, चपलांचं काय करायचं ते त्यांना माहीत होतं. टाळ्यांशी कसं लढायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तरी त्या जात राहिल्या. त्यांनी मला सेन्सरच्या डबीचं झाकण काढून ठेवायला लावलं. लहान मुलांना जवळ बोलवायच्या, त्यांना डबीसमोर हात हलवायला लावायच्या, दिवा त्यांच्याच हाताने विझवून दाखवायच्या. मुलांना पटकन कळायचं. ती आईबापांना समजावून सांगायची, आणि आईबाप ‘हो का’ म्हणून मुलांचे फोटो काढायचे.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत, गर्दी नसताना, एक म्हातारे गृहस्थ यायचे. हॅट घातलेले, एकटे. भोपळ्यांकडे न बघता सरळ खोलीपाशी यायचे. दिवा विझायचा. ते थोडा वेळ उभे राहायचे, मान हलवायचे आणि परत जायचे. सासूबाईंनी त्यांना तीन-चारदा पाहिलं. त्यांनी मला सांगितलं की या माणसाची बायको गेलेली असणार आणि त्या झालरीच्या टोपीवाल्या बाईंनी सांगितलेल्या गोष्टीवर याचा विश्वास बसलाय. अशी माणसं आम्ही खूप पाहिलीत, यांचंच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. त्यांच्याशी नीट बोललं पाहिजे. माझ्या मुलीकडून त्यांनी चार वाक्यं इंग्रजीत तयार करून घेतली, स्वयंपाक करता करता पाठ केली.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी तिथेच लॅपटॉप घेऊन एका बंद पडलेल्या सापळ्याशी झटत होते. सासूबाई त्यांच्यासमोर गेल्या आणि ती चार वाक्यं शाळेतल्यासारखी स्पष्ट म्हणाल्या. इथे कोणी नाही. कधीच कोणी नव्हतं. हा दिवा माझ्या सुनेने बसवला आहे. तुमचं जे कोणी गेलं असेल त्याचं मला वाईट वाटतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हॅट काढली. ते म्हणाले की आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, सेन्सर आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चांगला बसवलाय, जरा खाली हवा होता. बायको सहा वर्षांपूर्वी गेली हे खरं आहे, पण ती इथे नाही हे त्यांना माहीत आहे.

सासूबाईंना त्यांचं बोलणं पूर्ण कळलं नाही. मी मराठीत सांगितलं. मग त्यांनी माझ्याकरवी विचारलं, “मग सारखे कशाला येता?”

ते खिडकीकडे बघत होते.

“घरी मी आलो काय आणि गेलो काय, काही हलत नाही,” ते म्हणाले. “इथे निदान मी आल्याचं कळतं.”

हे मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. नेहमी त्यांच्याकडे उत्तर असतं. त्या दिवशी त्यांनी थर्मास उघडला, कपात आल्याचा चहा ओतला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांना तो आवडला नसावा, कारण ते प्रत्येक घोटाला डोळे मिटत होते. पण कप त्यांनी संपवला. दोघं बाकावर बसले होते आणि दोघांच्याही हालचालीने दिवा विझलेलाच राहिला होता.

परतताना गाडीत त्यांनी स्वतःहूनच विषय काढला. म्हणाल्या, एवढ्या गावांत फिरलो, प्रत्येकाला विचारलं की काय दिसलं, किती लांब होतं, रंग कोणता होता. एकालाही हे विचारलं नाही की तू त्या वेळी तिथे एकटा काय करत होतास. माझ्या मनात सारखी माझी ती परमिट नसलेली वर्षं येत होती, दुपारी रिकाम्या घरात मायक्रोवेव्हचा आवाज ऐकण्यासाठी पाणी गरम करायची ती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही सांगितलं नाही.

त्यानंतर ते गृहस्थ गर्दीच्या संध्याकाळीही येऊ लागले, आणि सासूबाईंच्या शेजारी उभे राहून तेही समजावू लागले. आता मात्र गंमत संपली. सासूबाई म्हणायच्या ओन्ली सेन्सर, आणि ते टेक्ससच्या लांबलचक बोलीत सेन्सर म्हणजे काय, तो लिफ्टच्या दारात कसा असतो, त्याची तार कुठून जाते हे तपशिलात सांगायचे. एवढं ऐकल्यावर कोणतंही भूत टिकत नाही. लोक घड्याळाकडे बघायचे. महिना संपता संपता समितीकडे त्या वर्षीची पहिली आणि एकुलती एक तक्रार आली. पायवाटेच्या शेवटी दोन वृद्ध व्यक्ती मुलांची मजा घालवतात, अशी. जी तक्रार येऊ नये म्हणून भोपळ्यांचे दात घासले, मांजर घालवली, सापळ्यांना आनंदी केलं, ती शेवटी खरं बोलण्याबद्दल आली. बाईंनी मला फार हळुवार शब्दांत कळवलं.

सासूबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा एवढा फुलला की काय सांगू. लोकांना राग आला, म्हणजे त्यांना कळलंय, असं त्या म्हणाल्या, आणि त्या रात्री त्यांनी शिरा केला.

पुढे काय झालं तेही सांगते. नोव्हेंबरात आम्ही सगळ्या वायरी गुंडाळल्या. सासूबाई आणि ते गृहस्थ निरोप घेताना हात मिळवण्याऐवजी बराच वेळ सेन्सर किती खाली हवा होता यावर बोलले, एक इंग्रजीत आणि एक मराठीत. हिमवादळातल्या बाईची गोष्ट आता शेताच्या दिवसाच्या माहितीतही सांगितली जाते. तिला एक नावही मिळालं आहे असं ऐकते. सासूबाई डिसेंबरच्या सुरुवातीला परत गेल्या. नवऱ्याने विमानतळावर त्यांना कोणी काही विचारलं तर काय सांगायचं याची उजळणी करून घेतली. कोणीही काहीही विचारलं नाही.

समितीला मग ख्रिसमसची पायवाट हवी होती. आमच्या धंद्यात हे सोपं असतं. जांभळ्याचा लाल करायचा, नारिंगीचा हिरवा, आणि सापळ्यांच्या जागी हरिणं. हरिणंसुद्धा आनंदीच हवी होती. खोलीतला दिवा ठेवा, बाई म्हणाल्या, पण तो विझू नये, सणाला कोणी विझलेलं बघायला येत नाही. म्हणून मी प्रोग्रॅम उलटा केला. माणूस जवळ आला की दिवा मोठा होतो, गेला की मंद होतो. सेन्सर थोडा खाली घेतला.

ते गृहस्थ एका बुधवारी आले. मी कोठाराजवळ होते, त्यांनी मला पाहिलं नाही. ते खोलीपाशी गेले, दिवा मोठा झाला. ते मागे सरले, तो मंद झाला. पुन्हा पुढे गेले, मग पुन्हा मागे, असं त्यांनी बराच वेळ केलं, आणि मग हॅट नीट करून पार्किंगकडे गेले. मी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. मधेमधे दिवा जरा उशिरा मोठा होत होता, हेही सांगितलं.

“सेन्सरच्या डबीवर कोळ्याने जाळं विणलं असेल,” त्या म्हणाल्या. “पुसून घे.”